वेदनेची नोंद आणि औषधाची सही

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण वॉर्डात येतो तेव्हा त्याच्या केसपेपरवर बहुतेकदा एक ओळ असते: 'इंजेक्शन ट्रामाडॉल, एसओएस'. म्हणजे लागले तर द्या. लागले की नाही हे रात्री दोन वाजता कुणी ठरवायचे? रेसिडेंट डॉक्टर ओटीत किंवा कॅज्युअल्टीत अडकलेला असतो. वॉर्डात असते ती सिस्टर. शून्य ते दहा यांपैकी किती दुखते हे विचारून आकडा लिहायचा तिने, इंजेक्शन द्यायचे तिने, अर्ध्या तासाने पुन्हा खाटेपाशी जाऊन विचारायचेही तिनेच. एवढ्याने भागले नाही, तर पुढचे औषध ठरवण्याचा अधिकार मात्र तिला नाही. तिने फोन करायचा, आणि तो उचलला जाईपर्यंत रुग्णाने कळ काढायची. सकाळी ओव्हर देताना ती सांगते, 'रात्रभर पेन होता, डॉक्टरांना कळवले होते.' कायद्याच्या नजरेत तिचे काम तिथे चोख झालेले असते.

भारतात परिचारिका आणि वेदनाशमन या विषयाचा स्वतंत्र कायदा नाही. अंमली पदार्थांचा, औषधांचा, डॉक्टरांचा आणि नर्सिंगचा असे चार कायदे चार बाजूंनी येतात. पहिल्या तिन्हींत परिचारिका दिसते ती दुसऱ्याने ठरवलेले औषध पोहोचवणारी म्हणून. चौथ्याने तिचे शिक्षण आणि नोंदणी यांची काळजी वाहिली. पण तिने काय ठरवावे, हा प्रश्न कायम लांबणीवर टाकला.

यांतला सर्वांत धाकाचा कायदा म्हणजे एनडीपीएस, अर्थात अंमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला आणि त्यातल्या दहा वर्षांच्या किमान शिक्षेने तस्करांपेक्षा औषधांची दुकाने आणि रुग्णालये आधी हादरली. मॉर्फिन ठेवायचे तर राज्याराज्यांत वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत. एकाची मुदत सुरू होईपर्यंत दुसऱ्याची संपलेली असे. रजिस्टरमधली चूक फौजदारीत जाईल या धास्तीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. कायद्याआधी देशात वर्षाला काही शे किलो मॉर्फिन वैद्यकीय कामासाठी वापरले जात होते. १९९७ पर्यंत तो वापर १८ किलोवर आला. हे घडले ते वैध अफू पिकवून जगाला विकणाऱ्या देशात. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या परवानाधारक शेतांतली अफू नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत येत राहिली, आणि आपल्याच कॅन्सर रुग्णांना मॉर्फिनची गोळी मिळेनाशी झाली. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची चिठ्ठी न लिहिताच शिकून बाहेर पडली. परिचारिकांच्या पिढीचेही तेच झाले, फक्त त्याची चर्चा झाली नाही.

त्या धाकाची खूण आजही वॉर्डात पाहायला मिळते. भिंतीतले दुहेरी कुलपाचे छोटे कपाट, त्याची किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या कमरेला. अनेक ठिकाणी त्याला अजून 'डीडीए कपाट' म्हणतात. १९३० चा डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्ट कधीच रद्द झाला, कपाटाचे नाव टिकले. दर पाळीला दोघीजणी अ‍ॅम्प्यूल मोजतात, रजिस्टरमध्ये रुग्णाचे नाव, डोस, वेळ आणि उरलेला आकडा लिहितात, दोघींच्या सह्या होतात. अर्धे अ‍ॅम्प्यूल वापरले तर उरलेले साक्षीदारासमोर टाकून त्याचीही नोंद करायची. रिकामी अ‍ॅम्प्यूल फार्मसीत परत. एक जरी कमी भरले तरी पाळी संपून घरी जाता येत नाही. हे सगळे योग्यच आहे. मॉर्फिन मोजूनच ठेवायला हवे. पण याच पाळीत रुग्णाला किती वेळ दुखत होते याचा हिशेब कुणी मागत नाही. मेट्रन राउंडला येते ती रजिस्टर तपासते. वेदनेचा आकडा टीपीआर चार्टच्या कोपऱ्यात पडून राहतो.

बदल झाला, पण त्याला जवळजवळ तीस वर्षे लागली. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करण्यास सांगितले, काही राज्यांनी ऐकले, बाकीच्यांनी फाइल बाजूला ठेवली. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी सरकारदरबारी आणि न्यायालयात खेटे घालत राहिले. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली. 'अत्यावश्यक अंमली औषधे' असा नवा वर्ग आला आणि २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यात घातली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला वेगळे परवाने लागत नाहीत. नियम देशभर एकच. दुरुस्ती चांगली आहे, यात वाद नाही.

पण ही मान्यता टेकली आहे ती प्रशिक्षित डॉक्टरावर. वेदनाशमन आणि उपशामक उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर संस्थेत हवा. त्याची बदली झाली की मॉर्फिनचा पुरवठाच लटकतो. जिल्हा रुग्णालयांत बदल्या किती आणि कशा होतात हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. प्रशिक्षण घेतलेली परिचारिका मात्र त्याच वॉर्डात, त्याच कपाटाशेजारी उभी असते, आणि तिच्या प्रशिक्षणावर औषधाची एक गोळीही हलत नाही. हे आंतरराष्ट्रीय करारामुळे आहे असे अधिकारी सांगतात, ते अर्धवट खरे आहे. १९६१ चा अंमली औषधांचा आंतरराष्ट्रीय करार वैद्यकीय चिठ्ठी मागतो. ती चिठ्ठी डॉक्टरनेच लिहिली पाहिजे असे तो म्हणत नाही. चिठ्ठी कुणी लिहायची हे प्रत्येक देशाने ठरवायचे. आपण जुनेच चालू ठेवले, एवढेच.

आता औषधांचा कायदा. १९४० चा अधिनियम आणि १९४५ चे नियम यांप्रमाणे अनुसूची एच, एच-१ आणि एक्स मधली औषधे नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि या वैद्यकाच्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. ट्रामाडॉल आधी एच-१ मध्ये होते. एप्रिल २०१८ मध्ये ते एनडीपीएसखालीही आले. गैरवापर वाढला होता, त्यामुळे सरकारचे पाऊल अकारण नव्हते. पण मॉर्फिन आणि पॅरासिटॅमॉल यांच्या मधली, वॉर्डात सहज हाताशी असलेली पायरीही त्यामुळे थोडी वर गेली.

याच नियमांच्या पोटात एक पळवाट आहे आणि ती मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. अनुसूची के मधील तेविसाव्या नोंदीनुसार सरकारी आरोग्य कार्यक्रमाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रांतल्या परिचारिका, एएनएम, बहुउद्देशीय कर्मचारी, इतकेच काय अंगणवाडी सेविकाही औषधे देऊ शकतात. त्यांना विक्री परवान्याच्या प्रकरणातून सूट आहे. म्हणजे डॉक्टर नसताना परिचारिकेने औषध देणे ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. मातामृत्यू कमी करायचे ठरले तेव्हा केंद्राने एएनएमला याहून पुढचे दिले: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिन आणि मिसोप्रोस्टॉल, झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, पुढे जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला जेंटामायसिन. मॅग्नेशियम सल्फेट चुकले तर श्वास थांबू शकतो. तरी ते दिले, कारण मृत्यू मोजले जात होते आणि त्यांची आकडेवारी दिल्लीत विचारली जात होती. वेदनेने माणूस सहसा मरत नाही. म्हणून तिच्यासाठी असे परिपत्रक निघाले नाही.

दुसरी तुलना जरा बोचरी आहे, पण टाळता येत नाही. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना अ‍ॅलोपॅथीची औषधे लिहिण्याची वाट खुली केली. त्यावरून डॉक्टरांच्या संघटना आणि सरकार यांच्यात अजून जुंपते. तो निर्णय बरोबर की चूक हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा की औषध लिहिण्याचा अधिकार ही काही दगडावरची रेघ नव्हे. राज्याला वाटले तेव्हा ती हलली. चार वर्षे आधुनिक वैद्यकाच्याच रुग्णालयांत शिकलेल्या, रोज तीच औषधे हाताळणाऱ्या बीएस्सी नर्ससाठी ती कधी हलली नाही. तिच्या बाजूने विधिमंडळात कोण बोलणार? परिचारिकांचे मोर्चे निघतात ते रिक्त पदे आणि कंत्राटी पगार यांसाठी, आणि ते बरोबरच आहे, पोट आधी.

नर्सिंगचा स्वतःचा कायदा पाहावा तर १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद अधिनियम हा मुळात अभ्यासक्रम आणि पात्रता यांचा कायदा. आपल्याकडचा १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम नोंदणी आणि शिस्तीचा. परिचारिकेच्या कामाची कक्षा दोन्हींत नीट आखलेली नाही. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व सूतिकापरिचर्या आयोग अधिनियम संमत केला, ज्याने १९४७ चा कायदा मोडीत काढायचा आहे. त्या आयोगाच्या नियमांत काय लिहिले जाते यावर पुढची पन्नास वर्षे ठरणार आहेत. १९४७ च्या कायद्याने तर पंचाहत्तरी ओलांडली.

दरम्यान अभ्यासक्रम कायद्याच्या पुढे गेला आहे. परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमात उपशामक उपचारांचा भाग आहे आणि औषधे लिहून देण्याची मूलतत्त्वे हाही भाग आहे. मुलींना चिठ्ठी लिहायला शिकवायचे, परीक्षा घ्यायची आणि कामावर रुजू झाल्या की पेन काढून घ्यायचे, असा हा प्रकार. २०१६ च्या सुमारास क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा एमएस्सी अभ्यासक्रमही सुरू झाला. पण पदवीनंतर तिला कोणता अधिकार, कोणते पद, हे रुग्णालयाच्या मर्जीवर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ ने 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' नावाचा मर्यादित परवाना सुचवला, तेव्हा देशभर डॉक्टर संपावर गेले. त्याच कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. रात्रपाळीची सिस्टर स्वतःच्या जबाबदारीवर दुसरा डोस का देत नाही, याचे उत्तर तिच्या संवेदनशीलतेत शोधू नये.

कायदा गप्प असला की धोरणे बोलू लागतात. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत वेदनेचे मूल्यमापन, पुन्हा मूल्यमापन आणि नोंद हे सगळे आहे. मानांकित खासगी रुग्णालयांत त्यामुळे फरक पडला, हे मान्य करायला हवे: वेदनेचा आकडा चार्टवर आला, फोनवरचा आदेश परत वाचून दाखवायची आणि डॉक्टरने नंतर सही करायची पद्धत आली, काही ठिकाणी वेदनाशमनाचे खास पथक आणि त्यात परिचारिका आल्या. पण तपासणीच्या आठवड्यात सगळे चार्ट 'दोन', 'दोन', 'एक' असे भरलेले दिसतात, हेही वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा. भारतीय परिचर्या परिषदेचेच प्रमाण सांगते की सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिकाऊ रुग्णालयात तिघांमागे एक परिचारिका असावी. सरकारी वॉर्डात रात्री एकीच्या वाट्याला चाळीस खाटा आल्या तर अर्ध्या तासाने पुन्हा वेदना मोजण्याचा नियम कागदावरच राहणार. मनुष्यबळाचा प्रश्न सोडवल्याशिवाय वेदनेचे धोरण लिहिणे ही मला थोडी फसवणूकच वाटते.

परिचारिका मध्यभागी ठेवून काम करून दाखवले ते केरळने. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या छोट्या क्लिनिकमधून ही चळवळ वाढली आणि २००८ मध्ये केरळ हे उपशामक उपचारांचे धोरण आणणारे देशातले पहिले राज्य झाले. ग्रामपंचायतीच्या पैशातून नेमलेली, काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका स्वयंसेवकाबरोबर घरोघर जाते. जखमा धुते, कॅथेटर बदलते, मॉर्फिनची गोळी वेळेवर घेतली जाते का, बद्धकोष्ठ झाला का ते पाहते, घरच्यांना शिकवते आणि गरज पडली तर डॉक्टरला कळवते. चिठ्ठी तिथेही डॉक्टरचीच. पण तिच्या निरीक्षणावर डॉक्टर विसंबतात, आणि हा विश्वास पद्धतीत बसवलेला आहे. महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये उपशामक उपचारांचे धोरण आणले. मुंबईला तर याबाबतीत मोठी परंपरा आहे: देशातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला उभे राहिले, टाटा मेमोरियलमध्ये नव्वदच्या दशकापासून या उपचारांचा विभाग आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून केंद्र आहे. परंपरा शहरात राहिली. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गातल्या आतल्या गावी पोहोचली नाही.

गावात आता आरोग्यवर्धिनी केंद्र आहे, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. या पदावर बीएएमएस झालेले आहेत तसेच बीएस्सी नर्सही आहेत. केंद्राच्या कार्यक्रमात वृद्ध आणि उपशामक सेवा हे त्यांच्या कामात धरले आहे. आता असा प्रसंग पाहा. तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण, टाटातून 'घरी न्या' म्हणून परत आलेला. नर्स त्याच्या खाटेशेजारी बसली आहे, मोबाइलवर समोर तज्ज्ञ डॉक्टर आहे, रुग्ण दिसतो आहे, विव्हळणे ऐकू येते आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एनडीपीएसखालची औषधे दूरसंवादातून लिहून देता येत नाहीत. म्हणजे डॉक्टर पाहू शकतो, नर्स तपासू शकते, पण मॉर्फिन सुरू होऊ शकत नाही. रुग्णाला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी न्यायचे, आणि तिथे मान्यताप्राप्त संस्था नसेल तर त्याच्याही पुढे. वेदनाशमनावर २०१७ मध्ये आलेल्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालाने भारतात अशा औषधांची गरज अवघी चार टक्के भागते असे म्हटले होते. तो आकडा अशा जीपगाड्यांतून तयार होतो.

याला उत्तर शोधणारा देश आपल्याहून गरीब आहे. युगांडात डॉक्टर मोजके, खेडी दूर आणि एड्सने मरणारे पुष्कळ. २००४ मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलून उपशामक उपचारांचे खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना आणि क्लिनिकल ऑफिसरांना तोंडाने घ्यायचे मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. भुकटीपासून देशातच तयार केलेले द्रावण, बाटलीच्या रंगावरून तीव्रता ओळखता येईल अशी सोय, नऊ महिन्यांचे प्रशिक्षण आणि फक्त प्रशिक्षितांनाच अधिकार. इंजेक्शन नाही, पॅच नाही, एकच स्वस्त औषध. ब्रिटनचा प्रवास याहून लांबचा: १९८६ च्या कंबरलेज अहवालाने सुरुवात, १९९२ चा कायदा, आणि २०१२ पासून पात्र परिचारिकांना मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधेही लिहिण्याची मुभा. आपल्याकडून तिकडे गेलेल्या परिचारिका हा अभ्यासक्रम करून तिथे चिठ्ठी लिहितात. सुट्टीत गावी आल्या की पॅरासिटॅमॉलपुढे त्यांचे काही चालत नाही.

आक्षेप येईल तो अमेरिकेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नव्वदच्या दशकात तिथे वेदनेला 'पाचवे जीवनलक्षण' म्हटले गेले, २००१ मध्ये रुग्णालयांच्या मानांकनात ते कडक झाले, औषध कंपन्यांनी त्यावर बाजार उभा केला आणि लाखो लोक व्यसनात गेले. पुढे हे निकष मागे घ्यावे लागले. पण तिथे चिठ्ठ्या मुख्यतः डॉक्टरांनी लिहिल्या होत्या, जुनाट पाठदुखी-गुडघेदुखीसाठी, महिनोन्‌महिने, कंपनीच्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून. वॉर्डातल्या किंवा घरी मरणपंथाला लागलेल्या रुग्णासाठी परिचारिकेने आखून दिलेल्या मर्यादेत डोस वाढवणे ही गोष्ट वेगळी. ट्रामाडॉलच्या गोळ्यांची तस्करी पंजाबात परिचारिकांच्या हातून वाढली नव्हती. धोका ओळखायचा तर तो जिथे आहे तिथे ओळखावा.

परिचारिकांना सरसकट औषध लिहिण्याचा अधिकार द्यावा असे मी म्हणणार नाही. नर्सिंग कॉलेजांची दुकाने गल्लोगल्ली उघडलेल्या राज्यात ते अविचाराचे होईल. पण तीन गोष्टी संसदेची वाट न पाहताही सुरू करता येतील. पहिली, प्रत्येक सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी लेखी स्थायी आदेश: इतका आकडा असेल तर हे औषध, इतक्या वेळाने हा दुसरा डोस, श्वासाचा वेग इतक्याखाली गेला तर थांबा आणि डॉक्टरला बोलवा. त्यावर विभागप्रमुखाची सही असली की 'एसओएस' या तीन अक्षरांवर सगळा भार टाकावा लागणार नाही, आणि सिस्टरला कायद्याचे पाठबळ मिळेल. दुसरी, डॉक्टरने एकदा सुरू केलेले मॉर्फिन ठरावीक मुदतीपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत पुढे चालू ठेवण्याची आणि डोस जुळवण्याची मुभा प्रशिक्षित परिचारिकेला. यासाठी केंद्राला एनडीपीएस नियमांत खुलासा करावा लागेल, पण राज्याने मागितल्याशिवाय केंद्र देत नसते. तिसरी, जिल्ह्यागणिक एका तरी परिचारिकेचे पद उपशामक उपचारांसाठी राखीव, जिची बदली शल्यचिकित्सा विभागात होणार नाही.

यातली पहिली गोष्ट करायला नवा कायदा लागत नाही, जादा निधीही लागत नाही. लागते ते आरोग्य सेवा संचालनालय आणि वैद्यकीय शिक्षण खाते यांचे एक परिपत्रक. महाराष्ट्र परिचर्या परिषद, परिचारिकांच्या संघटना आणि भूलतज्ज्ञांच्या संघटना यांनी मिळून त्याचा मसुदा यंदाच सरकारपुढे ठेवावा.